केबल नोंदणीचं नूतनीकरण आणि तिच्यातले बदल : आमच्या ऑपरेटर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

केबलचालक बंधू-भगिनींनो,

"पोस्टाचं लायसन्स संपलंय, आता कुठल्या खिडकीवर जायचं?" असा फोन आमच्याकडे अजूनही येतो. कुठल्याच खिडकीवर जायचं नाही. १७ जानेवारी २०२५ पासून लोकल केबल ऑपरेटरची, म्हणजे एलसीओची, नोंदणी हेड पोस्ट ऑफिसातून बंद झाली. नवीन नोंदणी असो की रिन्यूअल, आता ते काम माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे आणि अर्ज मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरच करावा लागतो. हे इतकं सरळ असूनही अर्ज अडकतात. ते का अडकतात आणि अडकू नयेत म्हणून आधी काय करायचं, ते या पत्रकात लिहिलं आहे. ज्यांनी भर पावसात खांबावर चढून गावाला टीव्ही दाखवला, त्यांचा धंदा एका स्पेलिंगपायी खोळंबावा हे आम्हाला पटत नाही.

पोस्टातून पोर्टलवर

पोस्टाची नोंदणी बारा महिन्यांची होती, शुल्क ५०० रुपये आणि हद्द त्या हेड पोस्ट ऑफिसापुरती. नवी नोंदणी पाच वर्षांची आहे, शुल्क ५,००० रुपये आणि ती साऱ्या भारतात चालते. जुन्या दराने पाच वर्षांचे अडीच हजार झाले असते, म्हणजे शुल्क दुप्पट झालं हे खरं. तरी आमच्या मते सौदा वाईट नाही. दरवर्षी पोस्टात खेटे घालणं, साहेब रजेवर असले की परत येणं, शेजारच्या तालुक्यात लाइन टाकली की तिथे वेगळा अर्ज देणं, हे सगळं संपलं. आधार, पॅन, आणि कंपनी असेल तर तिचा सीआयएन (कंपनी ओळख क्रमांक) व संचालकांचा डीआयएन (संचालक ओळख क्रमांक), यांची पडताळणी ऑनलाइनच होते. ती जुळली की सर्टिफिकेट लगेच तयार होतं.

ज्यांच्या कंट्रोल रूममध्ये पोस्टाचं सर्टिफिकेट अजून फ्रेम करून लावलेलं आहे, त्यांनी त्यावरची मुदत आज वाचावी. जुन्या नोंदणीला मान्यता आहे, पण तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंतच. बारा महिन्यांचा हिशेब धरला तर पोस्टाने दिलेली नोंदणी एव्हाना संपलेली असणार. पोस्टात दिलेला अर्ज तिथेच पडून राहिला असेल, तर त्याची वाट पाहू नका. असे अर्ज मागे घेऊन पोर्टलवर नव्याने करायचे, असा आदेश तेव्हाच निघाला होता.

नोंदणी नसताना नेटवर्क चालवायला केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याच्या कलम ३ नुसार मनाई आहे. कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्तांना, उपकरणं जप्त करता येतात. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण गल्लीत दुसरा ऑपरेटर उतरला आणि वाद पेटला, की तक्रारीतला पहिला मुद्दा "यांच्याकडे नोंदणी नाही" हाच असतो.

तारीख कशी मोजायची

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी करायचा आहे. तीन महिने असा ढोबळ हिशेब करू नका, दिवस मोजा. समजा सर्टिफिकेटची मुदत २० फेब्रुवारी २०३० ला संपते. ९० दिवस मागे गेलं की २२ नोव्हेंबर २०२९ येतो, आणि अर्ज त्या दिवसापर्यंत गेलेला हवा. ज्याने "फेब्रुवारीच्या आधी तीन महिने, म्हणजे नोव्हेंबरअखेर" असा अंदाज बांधला, त्याचा आठवडा गेला.

दरवर्षीचं काम आठवणीत राहतं, पाच वर्षांनी येणारं राहत नाही. फोनमध्ये आठवण लावाल, पण पाच वर्षांत फोन बदलतो. म्हणून आम्ही ग्राहकाच्या फाइलवर लाल शाईने अर्जाची तारीख लिहितो आणि तीच सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूलाही लिहायला सांगतो.

ज्यांचं स्वतःचं हेडएंड, म्हणजे चॅनलचे सिग्नल घेऊन पुढे एलसीओंना पुरवणारं केंद्र, आहे अशा एमएसओ (मल्टी-सिस्टिम ऑपरेटर) ग्राहकांचा हिशेब वेगळा आहे. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने एमएसओची नोंदणी आणि नूतनीकरण दोन्ही दहा वर्षांचं झालं. नूतनीकरणाचं शुल्क एक लाख रुपये आहे, आणि अर्ज मुदत संपायच्या आधी सात महिने ते दोन महिने या खिडकीतच करायचा आहे. २० फेब्रुवारी २०२७ ला मुदत संपत असेल, तर २० जुलै २०२६ ते २० डिसेंबर २०२६ हा तुमचा काळ. मूळ १९९४ च्या नियमांत एमएसओ नोंदणीची मुदतच लिहिलेली नव्हती. त्यामुळे "आपल्याला रिन्यूअल लागतच नाही" असा समज अजून काही जण धरून बसले आहेत. परवानगीचं मूळ पत्र काढा आणि त्यावरची तारीख पाहा. डिजिटायझेशनच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ च्या आगेमागे, ज्या लहान शहरांत एमएसओ उभे राहिले, त्यांची दहा वर्षं आता भरत आली आहेत.

नाव : इथेच गाडी अडते

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. पैसे किंवा कागद कमी पडल्याने अडणारे अर्ज त्या मानाने थोडे.

आधारवर "दत्तात्रय" आहे, पॅनवर तेच नाव आहे, पण इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एकीकडे "ए" आहे आणि दुसरीकडे नाही. मराठीत वाचताना कुणाच्या लक्षातही येणार नाही. यंत्राच्या लेखी मात्र ही दोन माणसं आहेत. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. बँकेत वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. आमच्या भगिनी ऑपरेटरांच्या बाबतीत पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे तर ठरलेलंच. यातलं काहीही पोर्टलवर दुरुस्त होत नाही. आधी आधार किंवा पॅन दुरुस्त करून घ्यायचं आणि मगच अर्ज भरायचा. त्या दुरुस्तीला लागणारा वेळ वरच्या ९० दिवसांच्याही आधी हाताशी हवा. म्हणून आम्ही सहा महिने आधी या म्हणतो, ते फाइल लवकर मिळावी म्हणून नव्हे.

कोणतं नाव खरं धरायचं, असं विचारलं तर आमचा सल्ला असा : एमएसओबरोबरच्या करारात जे नाव आहे ते आणि पॅनवरचं नाव आधी जुळवा, बाकीचे कागद त्यांच्या मागे आणा. वसुली आणि टीडीएस दोन्ही पॅनवर चालतात, त्यामुळे तिथे हात लावावा लागला तर सर्वात जास्त कागद हलतात.

पत्त्याचंही पाहा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तिथल्या ग्राहकांच्या एका कागदावर जुनं नाव आणि दुसऱ्यावर नवं, अशी सरमिसळ असते. नवीन काढलेल्या कागदांवर नवं नाव घ्या आणि एका अर्जात सगळीकडे एकच ठेवा.

आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, पॅन आधारला जोडलेलं आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. जुनं सिम बंद पडून वर्ष झालं आणि आधारवर मात्र तोच नंबर आहे, असं हरघडी दिसतं.

धंदा कुणाच्या नावावर आहे?

लाइन वडिलांनी १९९५ च्या सुमाराला टाकली, आज सगळं मुलगा पाहतो. वसुली त्याची, कामगार त्याचे, एमएसओच्या मीटिंगलाही तोच जातो. कागद मात्र वडिलांच्या नावाचे. सातबारावर आजोबांचं नाव आणि शेती नातू कसतोय, तसंच हे. वडील आहेत तोवर काही अडत नाही. ते गेले, की शोकाच्या दिवसांत घरच्यांना कळतं की नोंदणी, पॅन, चालू खातं आणि एमएसओचा करार, सगळं एका माणसाबरोबर थांबलं.

मालकी धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप ही त्या व्यक्तीपेक्षा वेगळी नसते. पॅन व्यक्तीचं, आणि व्यक्तीबरोबर ते संपतं. नाव बदलायचा अर्ज देऊन मुलाला त्या जागी बसवता येत नाही. मुलाने स्वतःच्या पॅनवर आणि आधारवर नवीन नोंदणी काढायची आणि एमएसओकडून स्वतःच्या नावे नवा करार करून घ्यायचा, हाच सुरक्षित रस्ता. जीएसटी असेल तर तीही मुलाच्या पॅनवर नव्याने काढावी लागते, आणि जुन्या खात्यातली शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या खात्यात आणता येते. हे सगळं वडील हयात असताना, घरात बसून, सह्या घेऊन शांतपणे करता येतं. दोन भाऊ असतील तर तेव्हाच कोणती गल्ली कुणाची हेही लिहून ठेवा. तोंडी वाटणीवर पुढे होणारी भांडणं आम्ही पाहतो आणि वाईट वाटतं.

दोघा-तिघांनी मिळून भागीदारी फर्म काढली किंवा कंपनी केली, तरी पॅन नवं येतं. तिथेही जुन्या नोंदणीला ठिगळ लावू नका, नवी काढा. पॅन तेच आहे आणि फक्त पत्ता किंवा भागीदार बदलला, तर तो खरा "बदल". जीएसटीत त्याची नोंद १५ दिवसांच्या आत करायची, आणि नोंदणीच्या कागदपत्रांत त्याच बदलाची प्रत जोडून ठेवायची.

एमएसओ बदलताना

नोंदणी वेगळी, एमएसओबरोबरचा करार वेगळा. नोंदणी मंत्रालयाची, करार ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांखालचा. नोंदणी पाच वर्षांची मिळाली म्हणून करारही पाच वर्षं चालतो असं नाही. लेखी कराराशिवाय सिग्नल द्यायचा नाही, असं ते नियम सांगतात. करार संपायच्या किमान ६० दिवस आधी नव्या कराराची नोटीस एमएसओने तुम्हाला द्यायची असते. ती आली नाही तर तुम्ही लेखी मागा, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

सिग्नल बंद करायचा तर समोरच्याला तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकांना १५ दिवस आधी पडद्यावर पट्टी चालवून कळवावं लागतं. एमएसओने तुमची लाइन तोडली तर हा नियम तुम्हाला आठवतो. तुम्ही एमएसओ बदलता तेव्हाही तो तितकाच लागू असतो. एका रात्रीत बॉक्स बदलून मोकळं होण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. जुन्या बॉक्सची मालकी, थकबाकीचा हिशेब आणि ना-हरकत पत्र यांचा निकाल आधी लावा. वाद झालाच तर तो दिल्लीला, टीडीसॅट या दूरसंचार लवादाकडे जातो, आणि लहान ऑपरेटरला तिथवरचा खर्च झेपत नाही.

नव्या करारावर सही करण्याआधी वाटणीचं पान वाचा. ट्रायच्या नमुना करारात नेटवर्क कपॅसिटी फीची (ग्राहक जोडणीसाठी दरमहा भरतो त्या मूळ शुल्काची) वाटणी एमएसओला ५५ टक्के आणि ऑपरेटरला ४५ टक्के अशी आहे. आपसांत वेगळी ठरवता येते, पण कोऱ्या रकान्यावर सही करून मग "आम्हाला सांगितलं नव्हतं" म्हणता येत नाही.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात

केबलची नोंदणी म्हणजे इंटरनेटचा परवाना नव्हे. त्याच फायबरवरून ब्रॉडबँड देत असाल, तर परवानाधारक कंपनीबरोबरचा वेगळा करार हवा.

गणपतीची आरती, यात्रा, तालुक्याच्या बातम्या दाखवणारं लोकल चॅनल चालवत असाल, तर ते मंत्रालयाच्या लेखी एमएसओचं "प्लॅटफॉर्म सर्व्हिस" चॅनल ठरतं. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याची नोंदणी एमएसओने दर चॅनलला १,००० रुपये भरून करायची, बातम्या दाखवायच्या तर एमएसओ कंपनी असायला हवा, आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपायचं. तुमचं चॅनल त्या यादीत आहे का, हे एमएसओला विचारा.

आम्ही काय करतो, काय करत नाही

नाव, पॅन, आधार, मोबाइल सगळं जुळत असेल, तर नूतनीकरणाचा अर्ज तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कॉलेजच्या पोराने भरावा. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. अडलं तर फोन करा, सांगू.

वारसा, भागीदारी, एमएसओ बदल, नावाचा घोळ किंवा अर्ज फेटाळला जाणं, अशा वेळी मात्र या. अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांच्या आत मंत्रालयातल्या डीएएस (डिजिटल केबल) विभागाच्या अवर सचिवांकडे अपील करता येतं. नाकारल्याचा निरोप आला की त्याच दिवशी त्याची प्रत आम्हाला पाठवा, कारण अपिलात कोणता कागद लावायचा हे त्यातल्या शब्दांवर ठरतं.

सरकारी शुल्क तुम्ही तुमच्या खात्यातून थेट ऑनलाइन भरायचं. आम्ही ते रोख घेत नाही, आमची फी वेगळ्या पावतीवर असते. पोर्टलचा पासवर्डही तुमच्याकडेच राहील. "मंत्रालयात ओळख आहे, जास्त द्या, लवकर करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पडताळणी यंत्र करतं, तिथे ओळख चालत नाही.

येताना चालू किंवा संपलेलं सर्टिफिकेट, आधार, पॅन, एमएसओचा शेवटचा करार आणि जीएसटी असल्यास तिचं प्रमाणपत्र आणा. मूळ प्रती दाखवून लगेच परत न्या, आम्ही ठेवून घेत नाही. आणि फोनवर बोलायच्या आधी सर्टिफिकेटवरची मुदतीची तारीख समोर ठेवा, आमचा पहिला प्रश्न तोच असतो.