रात्री दोन ते सकाळी आठ

जास्त डाउनलोड करणारं गिऱ्हाईक कंपनीला परवडेनासं झालं की त्याचा प्लॅनच यादीतून नाहीसा होतो. कोकणात हे नवं नाही. चिपळूण, दापोली, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे फोनच्या तारेवरून पहिलं ब्रॉडबँड आलं, त्यांना ‘नाइट अनलिमिटेड’ म्हटलं की अजून पुढचं काही सांगावं लागत नाही.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ किलोबिट) ही किमान गती ठरवली आणि २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएल या सरकारी कंपनीने जोडण्या द्यायला घेतल्या. आपल्याकडे बहुतेक गावांत दुसरं कोणी नव्हतंच. पुढे ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये दिवसा डेटा मोजून आणि रात्री दोन ते सकाळी आठ मीटर बंद, अशी सोय आली. दिवसाची मर्यादा ओलांडली की एमबीमागे पैसे. त्यामुळे घराघरांतली पोरं दोनचा गजर लावायची किंवा कॉम्प्युटरला वेळ लावून द्यायची, आणि आठच्या आत मॉडेम बंद करायची जबाबदारी आईवर. पावसाळ्यात लाईट गेली की ती रात्र फुकट. गडगडायला लागलं की तार मॉडेममधून उपटून ठेवायची, नाहीतर मॉडेम जळालाच.

हा प्लॅन कंपनीला परवडेनासा का झाला, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. २५६ केबीपीएसने सहा तासांत जेमतेम ७०० एमबी उतरतं, म्हणजे एक सीडी. महिनाभर एकही रात्र न चुकवता २० जीबी. जानेवारी २००७ पासून त्याच दरात गती २ एमबीपीएसपर्यंत वाढवली गेली. तेच सहा तास, पण आता रात्रीला ५ जीबीच्या वर आणि महिन्याला १६० जीबी. कंपनीनेच नळ आठपट मोठा केला आणि मग पाणी फार वाहतं म्हणून तक्रार केली. खरं तर रात्रीची वेळ मोकळी ठेवण्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. वाहिनीची क्षमता संध्याकाळच्या गर्दीसाठी घेतलेली असते, रात्री ती रिकामीच पडते. पण ठोक्याला दोन वाजता सगळीकडची डाउनलोडं एकदम सुरू व्हायला लागली, तेव्हा रात्रीलाही गर्दीची वेळ तयार झाली.

यात कोकणातल्या वाड्यांवर विशेष अन्याय झाला, असं माझं मत आहे. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरवर, खाऱ्या हवेने गंजलेल्या तांब्याच्या तारेवर २ एमबीपीएस कागदावरच राहायचं. शहरातल्या वापराचा हिशेब आम्हालाही लागला. प्लॅन आधी नव्या ग्राहकांसाठी बंद झाला. जुन्यांचा चालू राहिला, पण एकदा सोडला की परत मिळायचा नाही. त्या एका प्लॅनपायी कित्येकांनी घर बदलतानाही जुना नंबर सोडला नाही.

नियमांत कंपनीला अडवणारं फारसं काही नाही. ब्रॉडबँडचे दर कंपन्या स्वतः ठरवतात आणि नियामकाला (ट्राय) नंतर कळवतात. ग्राहकाला संरक्षण आहे ते प्लॅन घेतल्यापासून सहा महिने दर न वाढण्याचं. सातव्या महिन्यात काय, हे ज्याचं त्याने पाहावं.

खरा घोळ ‘अनलिमिटेड’ या शब्दाचा. मोजून डेटा देणारे प्लॅन मागे पडले आणि त्यांच्या जागी एफयूपीवाले आले. ‘फेअर युसेज पॉलिसी’ म्हणजे न्याय्य वापराचं धोरण. ठरावीक जीबीपर्यंत पूर्ण गती, नंतर गळा आवळलेली. जोडणी तुटत नाही, जादा बिल येत नाही, म्हणून तो ‘अनलिमिटेड’. न्याय्य म्हणजे किती, हे विकणाराच ठरवणार आणि बारीक अक्षरात छापणार. जुलै २०१२ मध्ये नियामकाने मर्यादा किती, त्याआधी गती किती आणि नंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लावलं. २०१३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवर गेली. तरी मर्यादा संपल्यावर २५६ देणारे प्लॅन चालूच होते. म्हणजे महिन्याच्या विसाव्या दिवशी तुमच्याकडे जे असायचं ते सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँडच नव्हतं, नाव आणि बिल मात्र ब्रॉडबँडचं. मर्यादेनंतरही ५१२ च्या खाली जायचं नाही, हे २०१६ मध्ये सांगितलं गेलं. तीन वर्षं लागली. (व्याख्या २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली, म्हणजे आमची २००७ ची गती.)

त्यानंतरचं सगळ्यांना आठवतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे खांब आडवे झाले, फोन-वीज कित्येक दिवस बंद. त्याच वर्षी चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावीच राहिले. पोफळीवरून, माडावरून फायबर ओढला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये एका मोठ्या खासगी कंपनीने ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा ‘खराखुरा अनलिमिटेड’ आणला. त्यालाही ३३०० जीबीची मर्यादा आहेच, त्यापुढचा वापर घरगुती समजत नाहीत. ३० एमबीपीएसने अखंड डाउनलोड केलं तर ही मर्यादा दहा दिवसांत संपते. तितकं कोणी करत नाही, असं कंपनीचं गणित. ‘नाइट अनलिमिटेड’च्या वेळीही असंच गणित होतं.

आता बहुतेक जोडण्या आगाऊ पैसे भरून, महिन्याच्या किंवा सहा महिन्यांच्या मुदतीवर चालतात. प्लॅन बंद केल्याचं पत्र येत नाही. मुदत संपते, रिचार्ज करायला जावं तर यादीत तो नसतो, आणि गावातला केबलवाला म्हणतो, ‘वरूनच काढलाय, दुसरा टाकू काय?’