सिगारेट, जनुकं आणि नऊपटीचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण झपाट्याने वाढत होते. संशय होता मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांच्या डांबरावर. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी लंडनमधल्या रुग्णालयांत जाऊन रुग्णांच्या सवयींची चौकशी केली. १९५० साली आकडे छापून आले. हा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे होते फक्त २, तर इतर आजारांच्या तेवढ्याच पुरुषांत २७. त्या काळी जवळपास सगळेच पुरुष ओढत, त्यामुळे सगळा निवाडा या मूठभर न ओढणाऱ्यांवर येऊन ठेपला होता.

सिगारेटमुळे कॅन्सर होतो, हे रोनाल्ड फिशर यांना पटेना. हे आधुनिक संख्याशास्त्राच्या जनकांपैकी एक. स्वतः पाइप ओढणारे, वर तंबाखू उत्पादकांचे सल्लागार. पण त्यांची शंका पोकळ नव्हती. एखादं जनुकच माणसाला सिगारेटची ओढ लावत असेल आणि तेच कॅन्सरही घडवत असेल तर? मग सिगारेटवर उगाच आळ येतो. अशा पडद्याआडच्या तिसऱ्या घटकाने अनेक संशोधनांचे निष्कर्ष बिघडवले आहेत.

उत्तर १९५९ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि मला ते या सगळ्या वादातलं सर्वांत देखणं वाटतं. ओढणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका न ओढणाऱ्यांच्या नऊपट दिसतो ना? मग तो निव्वळ त्या जनुकामुळे असेल, तर ते जनुक ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळायला हवं. असं जनुक दाखवा! कुणालाच दाखवता आलं नाही.

पण परिणाम लहान असला की ही ढाल कामी येत नाही, कारण तेवढा फरक पडायला एखादा तिसरा घटक थोडासा जास्त आढळला तरी पुरतो. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. मूळ धोका शंभरात ५ धरला, तर तो साधारण ६ होतो. बातम्यांत मात्र १८ हाच आकडा मिरवतो.

त्याच संस्थेच्या यादीत हे मांस, तंबाखू आणि २०१३ पासून हवेचं प्रदूषण एकाच गटात आहेत. याचा अर्थ तिघांविरुद्धचा पुरावा पक्का आहे, एवढाच. धोका किती मोठा, हे तो गट सांगत नाही.