देहदान

मृत्यूनंतर आपला संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देणे म्हणजे देहदान. दधीची ऋषींनी वज्रासाठी अस्थी दिल्याची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. पण प्रेत उघडून शरीर समजून घेण्याची खरी रीत सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. प्रेत मुंज, कुश अशा गवतात गुंडाळायचे, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचे आणि सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्याने हळूहळू घासत, त्वचेपासून आतला एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. पुढे ही परंपरा खंडित झाली. आधुनिक काळात 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तो मोठा टप्पा मानतात.

महाराष्ट्रात 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय केली. स्वेच्छेने केलेले देहदानही याच कायद्याच्या चौकटीत होते. हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले समाजसेवक नानाजी देशमुख 2010 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला देण्यात आला.

देहदानाचे संमतिपत्र भरले की काम झाले, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. फॉर्म मृताने भरलेला असतो, देह मात्र नातेवाईक देतात. त्यांच्यातल्या एकाने हट्ट धरला तरी सगळे अडते. म्हणून ही गोष्ट मुलासुनांशी, भावंडांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावी. रडारडीच्या घरात ती पहिल्यांदा कानावर पडणे फार जड जाते. फॉर्म भरला नसला, तरी जवळचे नातेवाईक देहदान करू शकतात.

वेळ थोडा असतो. उन्हाळ्यात तर काही तासांतच देह खराब होऊ लागतो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्रे हाताशी ठेवून महाविद्यालयाला लगेच फोन करावा. नेत्रदानही करायचे असेल, तर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. सहा तासांच्या आत डोळे काढले, तरी देह स्वीकारला जातो. अपघात, आत्महत्या, शवचिकित्सा झालेली असणे, एचआयव्ही किंवा कावीळ ‘ब’सारखा संसर्ग अशा कारणांनी मात्र देह नाकारतात. हा नकार घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

महाविद्यालयात जांघेतल्या किंवा मानेतल्या धमनीतून फॉर्मॅलिनचे मिश्रण देहात सोडतात. स्नायू घट्ट होतात, रंग करडा-तपकिरी पडतो, कुजणे थांबते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी याच देहावर महिनोन्महिने शिकतात. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असताना, पुस्तकात पिवळा रंगवलेला मज्जातंतू प्रत्यक्षात पांढऱ्या दोरीसारखा चिमटीत येतो, तो चित्रावरून कधीच कळला नसता. कित्येक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी विद्यार्थी देहासमोर शपथ घेतात.

शेवटी हाडे स्वच्छ करून शिकवण्यासाठी ठेवली जातात, उरलेल्या अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावते. घरी बहुधा काही परत येत नाही. ज्यांना दहाव्या-तेराव्याचे विधी हवे असतात, त्यांच्यासाठी देह नसताना करायचा पालाशविधी परंपरेत आहेच. काही घरांत फक्त फोटोला हार घालून शोकसभा होते.