डबा उघडण्याआधी वास घ्या

रविवारी सकाळी एक मित्र आला तो पिशवीतून चपटा खोका काढतच. खोक्यावर खवल्यांचा, कल्ले फुगवलेला राक्षस: १९५४ चा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'. आत कॅसल फिल्म्स या अमेरिकी कंपनीची, सुपर-८ या घरी दाखवायच्या छोट्या मापाच्या फिल्मची दोनशे फुटी रीळ. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवलेली. किंमत मला सांगितली, पण माझ्या घरून त्याच्या घरी पोचणार नाही या अटीवर. त्यानं डबा उघडला आणि खोलीभर चायनीजच्या गाडीवरचा वास सुटला, मिरच्या बुडवलेल्या व्हिनेगरचा.

"बुरशी लागलीय बहुतेक. उन्हात ठेवू का?"

मी डबा त्याच्या हातातून काढूनच घेतला.

आधी या छंदाविषयी थोडं. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी आवडता सिनेमा घरी ठेवायचा तर छोट्या मापाची फिल्म हाच मार्ग होता. १९२२ मध्ये पाथे या फ्रेंच कंपनीची साडेनऊ मिलिमीटर रुंदीची फिल्म आली, पुढच्या वर्षी कोडॅकची सोळा, १९३२ मध्ये आठ आणि १९६५ मध्ये सुपर-८. कॅसल फिल्म्सनं युनिव्हर्सल स्टुडिओचे भयपट, फ्रँकेनस्टाइन, ड्रॅक्युला, ममी कापून छोट्या रिळांत बसवले. सुपर-८ च्या एका फुटात ७२ चौकटी. दोनशे फूट, सेकंदाला १८ चौकटी, म्हणजे तेरा मिनिटं आणि वर वीस सेकंद. तेवढ्यात राक्षस उठतो, नायिकेला उचलतो, मरतो. बहुतेक रिळं मूक असत, संवाद पडद्यावर अक्षरांत. अमेरिकेतल्या पोरांनी खाऊच्या पैशांतून घेतलेली हीच रिळं आज संग्राहक शोधत फिरतात. खोक्याचा कोपरा दुमडलाय का, चित्र पहिल्या छपाईचं आहे का, यावर तासन् तास वाद घालतात. फिल्म कशाची बनलीय, हे मात्र कुणी विचारत नाही.

सिनेमागृहातली जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्याखालीही जळते. असली वस्तू दिवाणखान्यात कोण ठेवणार? म्हणून घरगुती फिल्मसाठी अ‍ॅसिटेट वापरलं, नाव पडलं 'सेफ्टी फिल्म'. आगीपुरतं ते खरंच होतं.

आता माझ्या आवडीचा भाग. सेल्युलोज म्हणजे कापसातला पदार्थ, ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. साखळीतल्या प्रत्येक कड्यावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. जवळजवळ त्या सगळ्या जागी अ‍ॅसिटिक आम्लाचे तुकडे जोडले की सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट मिळतं, पारदर्शक आणि लवचीक. हा जोड एस्टरचा. दहावीत शिकलेलं आठवा: आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी. ती अभिक्रिया उलटीही जाते. हवेतल्या ओलाव्यातला पाण्याचा रेणू एस्टरचा जोड तोडतो आणि अ‍ॅसिटिक आम्ल मोकळं होतं. व्हिनेगर म्हणजे पाण्यात मिसळलेलं हेच आम्ल. याला जलीय विच्छेदन म्हणतात.

नुसतं पाणी हे काम फार रेंगाळत करतं. पण जवळ हायड्रोजन आयन असला तर तो जोडातल्या ऑक्सिजनला चिकटतो, शेजारच्या कार्बनवरचे इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि तो उघडा पडलेला कार्बन पाण्याच्या तावडीत सापडतो. तुकडा सुटतो, आणि हायड्रोजन आयन जसाच्या तसा परत मिळतो, पुढच्या जोडासाठी तयार. आयन येतो आम्लातून आणि अभिक्रिया आम्लच बनवते! विरजणाची आठवण येईल: चमचाभर लावलं की पातेलंभर दही, आणि त्यातलाच चमचा उद्याचं विरजण. फरक एवढाच की इथे जिवाणू नाहीत, बुरशीही नाही. निव्वळ रसायन आहे, स्वतःच स्वतःचं उत्प्रेरक.

म्हणून हा आलेख सरळ चढत नाही. कित्येक वर्षं जमिनीला चिकटून चालतो आणि मग एकदम उभा राहतो. ते वळण मोजता येतं. एक ग्रॅम फिल्ममधलं आम्ल उदासीन करायला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं अर्धा मिलिलिटर द्रावण लागू लागलं की समजा, घसरण सुरू झाली. २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला तिथवर यायला सुमारे चाळीस वर्षं लागतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं तर मुदत साधारण दुप्पट होते. चढवलं तर काय होतं, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ट्रायअ‍ॅसिटेट बाजारात आलं १९४८ मध्ये, आणि दहा वर्षांच्या आत कोडॅककडे ते खराब होत असल्याची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यानं ती परीक्षा जगाच्या आधी घेतली होती.

नुकसान वासापुरतं थांबत नाही. आम्ल साखळीच तोडतं, फिल्म ठिसूळ होते. अ‍ॅसिटेटचा पाया आकसतो, पण त्यावरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर तेवढा आकसत नाही, म्हणून फिल्म उन्हातल्या पापडासारखी वेडीवाकडी होते. एक टक्का आकसली तरी भोकं आणि प्रोजेक्टरचे दाते यांचा मेळ बिघडू लागतो. ध्वनीसाठी कडेला चुंबकीय पट्टी असेल तर आणखी वाईट, कारण पट्टीतलं लोहाचं ऑक्साइड ही अभिक्रिया वेगवान करतं. 'आवाजाची प्रत' म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे ऐकावं. रंगीत भयपटांची तऱ्हा वेगळीच. निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि सगळा सिनेमा गुलाबी होतो, रक्त आणि भिंत एकाच रंगाची.

डब्यात कापूर किंवा डांबराच्या गोळ्या टाकणारे संग्राहक मी पाहिलेत. त्यानं वास झाकला जातो, आम्ल जागच्या जागी राहतं. आणि एखादी प्रत 'शापित' आहे, लावली की घरात विपरीत घडतं, असं सांगून भाव वाढवणारे विक्रेते तर धन्यच. एक खरं, आम्लाची वाफ शेजारच्या डब्यातल्या धडधाकट फिल्मलाही बिघडवते. त्यावर उतारा म्हणजे वेगळं कपाट.

एवढा जीव टाकण्यासारखं या छोट्या रिळांत काय आहे? २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या सिनेसंग्रहालयात 'मेट्रोपोलिस' या जुन्या जर्मन मूकपटाचे कित्येक दशकं हरवलेले प्रसंग सापडले, ते सोळा मिलिमीटरच्या ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीवर. मोठ्या मापातली मूळ लांबीची प्रत उरलीच नव्हती.

मित्राच्या डब्यात मी एक कागदी पट्टी टाकली. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटनं काढलेल्या या पट्ट्या आम्लाच्या वाफेनं निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. चोवीस तासांनी आमची हिरवी झाली होती, तीही पिवळ्याकडे झुकलेली. म्हणजे वळण मागे पडलं होतं. प्रोजेक्टरवर लावायची नाही, आधी स्कॅन करून घ्यायची असं ठरलं. तोवर दोन पिशव्यांत हवाबंद करून ती त्याच्या फ्रीजरमध्ये गेली, मटारच्या पाकिटाखाली. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. बायकोनं मटार काढताना खोका पाहिला होता, आणि तिला किंमत हवी होती.