जबड्याचं ऑपरेशन ठरलंय? मशीन इतक्यात परत आणू नका

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन, भाड्याने नेलेले ग्राहक हल्ली हमखास विचारतात, "जबडा पुढे घेतला की मशीन सुटेल ना?" बऱ्याच जणांचं सुटतं. आम्ही मशीनवाले असूनही हे सांगतो.

या ऑपरेशनमध्ये दोन्ही जबडे तोंडाच्या आतून कापून साधारण 10 मिलिमीटर पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. त्यांच्याबरोबर जीभ आणि मऊ टाळूही पुढे येतात, मागची श्वासाची वाट रुंद होते. एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, शंभरातल्या 85 जणांचा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. मात्र 5 च्या आत, म्हणजे नॉर्मलमध्ये, येणारे निम्मेही नसतात. घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं घरचे म्हणतील. रिपोर्ट म्हणेलच असं नाही.

घोळ होतो तो इथे. ऑपरेशनची तारीख मिळाली की लोक मशीन आणून टेकवतात आणि डिपॉझिट मागतात. मग आदल्या रात्री नऊला फोन: "भूलतज्ज्ञ विचारताहेत, मशीन कुठंय?" भूल आणि वेदनाशामकांनी घसा आणखी सैल पडतो, म्हणून ते विचारतात. तोवर आम्ही मशीनच्या कार्डावरची तुमची नोंद पुसून मशीन दुसऱ्याला दिलेलं असतं. नवं लावायचं तर प्रेशरची चिठ्ठी पुन्हा आणा.

ऑपरेशननंतर मास्क कधी लावायचा ते सर्जननी सांगायचं, सुजलेल्या तोंडावर आपल्या मनाने चढवू नका. काही महिन्यांनी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रीच्या झोपेची तपासणी, पुन्हा होईल. तो रिपोर्ट बघून डॉक्टर "बंद करा" म्हणाले की मशीन खुशाल आणा.

"भाडं चालू राहावं म्हणून सांगता," असं एका काकांनी तोंडावर ऐकवलं. त्यांचा आकडा 52 वरून 14 वर आला होता. डॉक्टरांनी मशीन कमी प्रेशरवर चालूच ठेवलं. तरी ऑपरेशनच्या महिन्याचं भाडं आम्ही निम्मंच घेतो.

मास्कचं मात्र बघावं लागेल. हनुवटी पुढे आली की नाक-तोंड झाकणारा जुना मास्क खालून फुसफुसतो. पट्टे करकचून आवळलेत तर नाकावर वळ उठतील. दुकानात या, दोन-तीन साइज लावून बघू. त्याचे पैसे नाहीत.

आणि मशीन परत आणताना हवा ओलसर करणाऱ्या टाकीतलं पाणी आधी ओतून टाका. रिक्षात मशीन आडवं होतं आणि पाणी थेट मोटरमध्ये जातं. नळी-मास्क आणू नका, ते आम्ही परत घेत नाही.