वय वाढतं, माणसं कमी होतात: एका सिद्धांताची पार्श्वभूमी

१९६१ साली इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या अभ्यासकांनी कॅन्सस सिटीतल्या पाहणीवरून मांडलं की, वय होतं तसा माणूस समाजातून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळं करतो आणि हे दोघांच्याही सोयीचं असतं. वृद्धांना बाजूला सारायला शास्त्राचा आधार देणारं हे मत मला क्रूर वाटतं. त्यावर तेव्हाही टीका झाली. वृद्धत्वाचे अभ्यासक रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांच्या मते समाधानी म्हातारपणासाठी कामात आणि माणसांतच राहायला हवं. या वादात एक साधा प्रश्न मागे पडला: कमी होतात ती माणसं कोणती?

तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसन यांनी लावून धरला. एकविसाव्या वर्षी मोटार अपघातानंतर त्या दीर्घकाळ रुग्णालयात होत्या आणि आसपास बहुतेक वृद्ध स्त्रियाच होत्या. प्राध्यापक असलेले वडील मानसशास्त्राच्या तासांना बसून व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून आणत. पुढे कार्स्टेनसन यांच्या संशोधनात दिसलं की वयानुसार गळतात त्या वरवरच्या ओळखी. जिवाभावाची माणसं टिकतात. त्यांचा सिद्धांत असा की पुढे भरपूर काळ दिसतो तेव्हा माणूस नवं शिकतो, ओळखी वाढवतो, त्यासाठी मनस्तापही सोसतो. काळ थोडा उरला असं वाटलं की आज मनाला भिडणाऱ्या गोष्टी पुढे येतात.

मग हा परिणाम वयाचा की उरलेल्या काळाच्या जाणिवेचा? याची मला सर्वांत मोलाची वाटणारी परीक्षा हाँगकाँगमध्ये झाली. १९९७ मध्ये शहर चीनकडे सोपवलं जाणार होतं, म्हणजे सगळ्याच वयाच्या लोकांसमोर एक काळ संपत होता. त्याआधी मानसशास्त्रज्ञ हेलेन फंग आणि सहकाऱ्यांना तिथले तरुणही वृद्धांसारखेच नव्या ओळखींपेक्षा आपली माणसं निवडताना आढळले. हस्तांतरानंतर वर्षभराने तरुण पुन्हा तरुणांसारखे वागू लागले.

कार्स्टेनसन यांच्या गटाने १८ ते ९४ वयाच्या लोकांना आठवडाभर पेजरवरून अधूनमधून मनःस्थिती विचारली, आणि दहा वर्षांत हाच प्रयोग पुन्हा केला. वयाबरोबर भावनिक स्वास्थ्य सुधारल्याचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२०च्या महासाथीत जिवाला धोका जास्त असूनही अमेरिकेतल्या ज्येष्ठांची मनःस्थिती तरुणांपेक्षा बरी आढळली.

मात्र म्हातारपण आपोआप सुखाचं होतं, असा याचा अर्थ काढणं अन्यायाचं ठरेल. मानसशास्त्रज्ञ सुझन चार्ल्स यांनी २०१० मध्ये याची मर्यादा दाखवली. ताण टाळता येतो तोवर वृद्धांचं पारडं जड असतं. आजारी जोडीदाराची वर्षानुवर्षं शुश्रूषा किंवा हटणारच नाही असं एकटेपण वाट्याला आलं, की थकलेल्या शरीराला तो ताण झेपत नाही.