पोटभर वैरण आणि शेणातले धागे

ऊसतोडीच्या दिवसांत कोल्हापूरच्या गावागावांत गोठ्यापुढे वाड्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे पडलेले असतात. अशाच एका सकाळी करवीर तालुक्यातल्या एका मावशींनी मला गोठ्यात बोलावलं. "वैरण वाढवलीया, पेंड वाढवलीया, गव्हाण रिकामी ऱ्हाऊ देत न्हाई. तरी दूध काय म्हणावं तसं वाढंना," त्या म्हणाल्या. गाय संकरित, धडधाकट, भूक उत्तम. मी शेणाचा एक गोळा जुन्या चाळणीत घेतला आणि वरून पाणी सोडलं. हिरवट पाणी वाहून गेलं. चाळणीत उरले बोटाच्या पेराएवढे वाड्याचे धागे आणि मक्याचे काही भरड कण. मावशी वाकून बघत राहिल्या. "ही तर आपलीच वैरण की!"

वैरणीतला चोथा, म्हणजे सेल्युलोजसारखा तंतुमय भाग, गाय स्वतः पचवत नाही. तो तोडणारी विकरं (एन्झाइम) तिचं शरीर बनवतच नाही. ते काम तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर लिटरहून अधिक मावेल एवढं असतं. जिवाणू आधी धाग्याला चिकटतात, मग त्याला कुरतडत आम्लं तयार करतात. त्यांतलं मुख्य ॲसेटिक आम्ल. ही आम्लं पोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, गाईला ऊर्जा देतात आणि दुधातली फॅटही बरीचशी त्यांतूनच बनते. मात्र या कामाला वेळ लागतो. साखर काही तासांत संपते, चोथ्याला एक-दोन दिवस लागतात.

खरी गोम इथेच आहे. वरून नवी वैरण येत राहिली की आतली पुढे सरकते. गुऱ्हाळावर चरकात ऊस घाईने रेटला की चिपाड ओलं निघतं, तसंच हे. एरवी लांब धागे कोटीपोटात वर तरंगत राहतात. रवंथ होऊन बारीक आणि जड झाले की तळाला जातात आणि पुढच्या कप्प्याकडे, पडदेपोटाकडे निघतात. गाय जास्त खाऊ लागली की ही निघण्याची गती वाढते आणि जिवाणूंच्या हातून अर्धवट काम निसटतं.

थोडा हिशोब मांडू. समजा, पचण्याजोग्या चोथ्यापैकी जिवाणू तासाला 4 टक्के पचवतात आणि 2 टक्के पुढे निघून जातो. म्हणजे सहा भागांतले चार भाग पचले. अशा गाईने 6 किलो चोथा खाल्ला, तर 4 किलो पचेल. आता तिने 8 किलो खाल्ला आणि निघण्याची गती 3 टक्के झाली, तर सातातले चार भागच पचतील, म्हणजे साधारण साडेचार किलो. दोन किलो जास्त खाऊन पदरात पडला अर्धा किलो. बाकीचा दीड किलो उकिरड्यावर.

यावरून गाईला कमी घाला, असा अर्थ कुणी काढू नये. दुभती गाय जास्त खाते म्हणूनच जास्त दूध देते. पचनाचा टक्का उतरला तरी एकूण मिळकत वाढतेच. फक्त वाढलेल्या वैरणीइतकी ती वाढत नाही.

मावशींच्या गोठ्यात आणखी एक गोष्ट होती. धारेच्या वेळी उपाशीपोटी एकदम मोठं घमेलं भरून पेंड आणि मक्याचा भरडा. यातला स्टार्च झपाट्याने आंबतो आणि कोटीपोट आम्लधर्मी होतं. सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण 6.2 च्या खाली गेला की चोथा पचवणारे जिवाणू मंदावतात. म्हणजे एकीकडे वैरण लवकर निघून जातेय आणि दुसरीकडे तिला पचवणारेच सुस्तावलेत. यावर उतारा गाईच्या तोंडातच आहे. दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ तिला सुटते, आणि ती आम्ल मारते. पण लाळ सुटते चघळताना. म्हणून वैरणीची पिठासारखी बारीक कुट्टी मला मुळीच पटत नाही. ती चघळावी लागत नाही आणि पोटातून निसटतेही लवकर.

नुसत्या भाताच्या पिंजरावरच्या (वाळलेल्या काडावरच्या) जनावराची गोष्ट मात्र उलटी. पिंजरात प्रथिनं फारच कमी. आहारात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूच उपाशी राहतात, चोथा पोटात तसाच पडून राहतो आणि जागाच नसल्याने जनावर खाणं कमी करतं. तिथे थोडी सरकी पेंड दिली की पचनही वाढतं आणि भूकही. तीच पेंड, एका गोठ्यात जास्त झालेली, दुसऱ्यात कमी पडलेली.

मावशींना एवढंच सांगितलं: आधी वाडं आणि कडबा, मग पेंड. पेंड दोनऐवजी चार वेळा, थोडी थोडी. कुट्टी इंचभर. आणि दुपारी गाई बसल्या की मोजा, निम्म्या तरी रवंथ करतायत का. महिन्याभराने त्यांनी स्वतःच चाळण धुऊन दाखवली. दाण्याचे कण गेले होते, धागे आखूड आणि कमी झाले होते. "हे राहिलेलं कधी जाणार?" त्यांनी विचारलं. ते जाणार नाही. जून वाड्यात लिग्निन, म्हणजे धाग्याला कडक करणारा भाग, असतं, आणि कोटीपोटातल्या कुठल्याच जिवाणूला ते पचत नाही.